कोड आला म्हणून सेन्सर बदलू नका: पोकलेन-जेसीबीच्या इंजिनातले सेन्सर-दोष शोधायची रीत

मशीनची पॉवर अचानक कमी होते, मॉनिटरवर पिवळा दिवा लागतो आणि खाली एक आकडा येतो. ऑपरेटर म्हणतो, "सेन्सर गेलाय." मालक म्हणतो, "मग टाका नवीन." पार्ट मागवला जातो, तोवर मशीन उभं राहतं, टिप्परवाले भाड्यासाठी भांडतात. नवीन सेन्सर बसतो, चाबी फिरवली की तोच आकडा पुन्हा हजर. कित्येक वर्कशॉपच्या कपाटात असे 'खराब' म्हणून काढलेले, पण चांगले असलेले सेन्सर पडून असतात.

आयटीआय करून नुकतेच कामाला लागलेले मेकॅनिक, जुन्या यांत्रिक पंपाच्या मशीनवर हात बसलेले पण ईसीएमला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, बिचकणारे मिस्त्री आणि एखाद-दुसरं मशीन पाळणारे मालक, यांच्यासाठी हे लिहितोय. उदाहरणं पोकलेन आणि जेसीबीची आहेत, पण लोडर, ग्रेडर, रोलर, सगळीकडे रीत हीच.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा. ईसीएमला ना तापमान कळतं ना ऑईल प्रेशर. त्याला तारेवरचा व्होल्टेज तेवढा कळतो. तो व्होल्टेज सेन्सरमुळे बिघडेल, तुटलेल्या तारेमुळे बिघडेल, कपलरमधल्या (तारा जोडणाऱ्या प्लगमधल्या) पाण्यामुळे बिघडेल, नाहीतर इंजिन खरंच तापलंय म्हणूनही वेगळा येईल. कोडमध्ये सेन्सरचं नाव असतं कारण ती लाईन त्या सेन्सरची असते. थर्मामीटर फोडून ताप उतरत नाही, तसंच हे.

१. हात लावण्याआधी

मशीन सपाट जागेवर घ्या, बूम खाली, बकेट जमिनीवर, हायड्रॉलिक लॉक लिव्हर लावलेला. टायरचं मशीन असेल तर चाकांना अडण. चाबी काढून स्वतःच्या खिशात ठेवा. तुम्ही फॅनजवळ वाकलेले असताना भलत्याच कुणीतरी सेल्फ मारल्याचे प्रकार साईटवर होतात.

कॉमन रेल इंजिनात डिझेलचं प्रेशर १,६०० ते २,००० बारपर्यंत जातं. चालू इंजिनात रेलचा नट सैल करून 'हवा काढणं' ही जुन्या पंपाची सवय इथे जिवावर बेतते. गळती हाताने चाचपू नका, पुठ्ठा धरून बघा. त्या प्रेशरचं डिझेल कातडीत घुसलं तर जखम सुईच्या टोकाएवढीच दिसते, पण थेट हॉस्पिटल गाठायचं असतं, घरी जाऊन हळद लावायची नसते. चालू इंजिनात इंजेक्टरच्या तारांनाही हात लावू नका, ईसीएम त्यांना बॅटरीपेक्षा कितीतरी जास्त व्होल्टेज देतो.

कपलर काढायचा तर चाबी बंद करून. युरियाची टाकी असलेल्या मशीनवर चाबी बंद केल्यावर लगेच बॅटरी कटऑफ फिरवू नका. सिस्टीम पाईपमधला युरिया टाकीत परत ओढत असते, तिला काही मिनिटं द्या. बऱ्याच मशीनवर त्यासाठी वेगळा दिवा असतो.

२. सोबत काय हवं

कागद:

- मशीनची आणि इंजिनाची नंबर प्लेट, दोन्हींचा स्वच्छ फोटो. एकाच मॉडेलमध्ये मधल्या नंबरपासून वायरिंग बदललेलं असतं, त्यामुळे नुसतं मॉडेल सांगून चालत नाही.
- त्या नंबरचा वायरिंग डायग्राम आणि कोडची यादी असलेलं सर्व्हिस मॅन्युअल. ऑपरेटरच्या पुस्तकात कोड असतात, पण पिन नंबर नसतात.
- सर्व्हिसची वही: कोणते फिल्टर किती तासांना बदलले, मागच्या महिन्यात कुणी कशाला हात लावला.

अवजारं:

- चांगला डिजिटल मल्टीमीटर. रस्त्यावरचा स्वस्त मीटर पाच व्होल्टच्या लाईनवर फसवतो.
- कपलरच्या मागून आत जाणाऱ्या बारीक पिना आणि क्लिप असलेल्या दोन-तीन छोट्या तारा.
- घड्याळाचा ऑईल प्रेशर गेज, त्याच्या अ‍ॅडॅप्टरसह.
- लांबून तापमान मोजणारी इन्फ्रारेड गन.
- कॉन्टॅक्ट क्लीनर, बारीक ब्रश, क्रिंपिंगचा पक्कड, हीट श्रिंक नळी.
- स्कॅनर असेल तर उत्तम. नसेल तरी अडत नाही. बहुतेक पोकलेनच्या मॉनिटरवर सर्व्हिस मेनू असतो, तिथे कोडही दिसतात आणि सेन्सरचे चालू आकडेही.

बल्बचा टेस्ट लॅम्प पेटीतच ठेवा. फ्यूज आणि हेडलाईटसाठी तो ठीक आहे, पण सेन्सरच्या लाईनवर तो नको तेवढा करंट ओढतो.

३. कोड लिहून घ्या, पुसू नका

सगळ्यात जास्त माहिती इथे वाया जाते. मेकॅनिक येतो, कोड पुसतो, "बघू परत येतो का" म्हणतो. येतो तेव्हा मशीन खाणीच्या तळाशी असतं.

मॉनिटरचा फोटो काढा. कोड चालू आहे की जुना साठवलेला, किती वेळा आला, पहिल्यांदा आणि शेवटचा किती अवरमीटरवर आला, हे सगळं टिपा. कोड एकटा आहे की टोळीने आलाय, तेही बघा. सात-आठ कोड एकदम आले तर सात-आठ सेन्सर एकाच वेळी मेले असं कधी होत नाही. कारण एकच असतं, आणि ते पुढे सातव्या पायरीत सापडेल.

मग ऑपरेटरला विचारा, पण "काय झालं?" असं मोघम विचारू नका. थंड असताना होतं की तापल्यावर? बूम वर घेताना की चालताना? धुतल्यानंतर सुरू झालं का? बकेटला वेल्डिंग केलं होतं का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बऱ्याचदा मिळत नाही, कारण वेल्डिंगवाल्याने बॅटरीच्या तारा न काढता काम उरकलेलं असतं.

४. कोडचे दोन भाग वाचा

आजकालच्या बहुतेक इंजिनांत कोड दोन आकड्यांत सांगितला जातो: एसपीएन आणि एफएमआय. पहिला सांगतो कोणती लाईन, दुसरा सांगतो त्या लाईनवर काय चुकतंय. नवशिके पहिलाच आकडा वाचून थांबतात. खरी किंमत दुसऱ्याची आहे.

नेहमी भेटणारे एसपीएन: १०० ऑईल प्रेशर, ११० कूलंटचं तापमान, १०२ टर्बोनंतरच्या हवेचं प्रेशर, १०५ त्या हवेचं तापमान, १५७ रेल प्रेशर, १९० इंजिनाची गती, ९७ डिझेलमधलं पाणी, १६८ बॅटरी व्होल्टेज.

आता एफएमआय. माझ्या हिशेबाने त्याचे तीन गट पडतात.

- ०, १, १५, १६, १७, १८: सेन्सरची लाईन ठीक आहे, आकडा खरा आहे, पण तो हद्दीबाहेर गेलाय. ०, १५, १६ म्हणजे जास्त. १, १७, १८ म्हणजे कमी. इथे सेन्सरला हात लावायचा नाही, इंजिन तपासायचं.
- ३, ४, ५, ६: लाईनचा दोष. ३ म्हणजे व्होल्टेज वर चढलाय, ४ म्हणजे खाली पडलाय, ५ म्हणजे करंट कमी किंवा सर्किट तुटलेलं, ६ म्हणजे करंट जास्त किंवा अर्थला शॉर्ट. इथे मल्टीमीटर काढायचा.
- २, ८, ९, १०, १९: आकडा उड्या मारतोय, गडबडलाय किंवा वेळेवर पोचत नाही. सैल पिन, घासलेली तार, सेन्सरच्या टोकावरचा लोखंडी कीस, कॅन लाईन (ईसीएम आणि मॉनिटर ज्यावरून एकमेकांशी बोलतात त्या दोन तारा), यांवर आधी संशय घ्या.

एक उदाहरण जवळून बघू. कमिन्स इंजिनावर ऑईल प्रेशरचे तीन कोड येतात: १३५, १४१ आणि ४१५. तिन्हींचा एसपीएन १००च. पण १३५चा एफएमआय ३ आहे, लाईनचा व्होल्टेज वर. १४१चा ४, व्होल्टेज खाली. आणि ४१५चा १, म्हणजे ऑईल प्रेशर खरोखर पडलंय. पहिल्या दोन कोडांत तुम्ही कपलर उघडता. ४१५ आला तर इंजिन ताबडतोब बंद, डिपस्टिक बघा, ऑईलला डिझेलचा वास येतोय का बघा, घड्याळाचा गेज लावून प्रेशर मोजा. ४१५वर 'सेन्सरच खराब असेल' म्हणून मशीन तसंच चालवलं तर बेअरिंग आणि क्रँकची किंमत मोजावी लागते.

कोमात्सूच्या मशीनवर इंजिनाचे कोड सीए अक्षरांनी सुरू होतात आणि पुढचे आकडे कमिन्सच्या आकड्यांशी जुळतात. सीए१४४ म्हणजे कूलंट सेन्सरची लाईन वर, सीए१४५ म्हणजे खाली. कॅटरपिलरने तर हा फरक कोडच्या तोंडावरच लिहिलाय: ई अक्षराने सुरू होणारा कोड म्हणजे इंजिनाची खरी स्थिती, उदाहरणार्थ ई३६० म्हणजे ऑईल प्रेशर कमी, ई३६१ म्हणजे कूलंट जास्त तापलंय. नुसते ११०-३ असे आकडे आले तर लाईनचा दोष.

पहिल्या गटातले दोन कोड आपल्याकडे फार छळतात. एक, क्रशरवर किंवा विदर्भाच्या उन्हात येणारा कूलंटचा ११०-०. रेडिएटरच्या जाळीत दगडाची पूड आणि तेल मिळून लगदा बसलेला असतो. आतल्या बाजूने हवा मारून जाळी साफ केली की बऱ्याचदा काम होतं. दुसरा, रेल प्रेशर कमी असल्याचा १५७-१ किंवा १५७-१८. साईटवर डिझेल ड्रममधून हातपंपाने भरतात, ड्रमच्या तळाशी पाणी आणि गंज. आधी वॉटर सेपरेटर मोकळा करा, फिल्टर बदला, ओढणीच्या पाईपमधून हवा घेतंय का बघा. रेल सेन्सर महाग असतो आणि तो काढायला रेलला हात घालावा लागतो, म्हणून तो यादीत अगदी शेवटी.

५. चाबी ऑन, इंजिन बंद: सेन्सर एकमेकांशी ताडा

ही चाचणी फुकट आहे, अवजार लागत नाही, तरी कुणी करत नाही.

रात्रभर उभं असलेलं मशीन सकाळी सुरू करण्याआधी फक्त चाबी ऑन करा आणि मॉनिटरवर तापमानाचे आकडे उघडा. कूलंट, इनटेक हवा, डिझेल, ऑईल, सगळे त्या वेळच्या हवेच्या आसपास असायला हवेत. तिघं २६-२७ दाखवतात आणि चौथा ४१, तर चौथा खोटं बोलतोय, मग त्याचा कोड आलेला असो वा नसो. एखादा उणे ४० दाखवत असेल तर त्याची लाईन तुटलेली आहे.

तसंच प्रेशरचं. इंजिन बंद असताना टर्बोच्या प्रेशर सेन्सरवर बाहेरचीच हवा असते. समुद्रसपाटीला हवेचा दाब साधारण १०१ किलोपास्कल, पुण्याच्या उंचीवर ९५च्या आसपास, महाबळेश्वरला ८६च्या आसपास. म्हणून पनवेलला बरोबर वाटणारा आकडा घाटमाथ्यावर कमी दिसला तर घाबरू नका. मशीनमध्ये हवेच्या दाबाचा वेगळा सेन्सर असेल तर दोघांचे आकडे जवळपास सारखे हवेत. फक्त एक बघून घ्या: काही मॉनिटर हवेचा दाब वजा करून दाखवतात, तिथे बंद इंजिनात शून्य यायला हवा. ऑईल प्रेशरही बंद इंजिनात शून्याजवळ. तिथे दोन-तीन बार दिसत असतील तर मामला उघड आहे.

६. बॅटरी, अर्थ आणि नुसते डोळे

पोकलेनवर बहुधा २४ व्होल्ट, जेसीबीवर १२. सेल्फ मारताना मीटर बॅटरीवर लावा. २४चं मशीन १८च्या खाली किंवा १२चं साडेनऊच्या खाली जात असेल तर आधी बॅटरी आणि टर्मिनल बघा, कारण कमी व्होल्टेजला ईसीएम वाटेल ते कोड टाकतो. मग इंजिन चालू, लाईट आणि एसी चालू ठेवून मीटरची एक तार इंजिन ब्लॉकवर आणि दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हवर. इथे ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थची पट्टी काढा, रंग आणि गंज घासून पुन्हा घट्ट बसवा.

आता वायरिंग डोळ्यांनी बघा. घाई करू नका, टॉर्च घ्या, हार्नेस, म्हणजे तारांचा जुडगा, बोटांनी चाचपत ईसीएमपासून सेन्सरपर्यंत जा. दोष ठरलेल्या जागी सापडतात:

- क्लिप तुटून हार्नेस ब्रॅकेटच्या धारेवर टेकलाय, थरथरीने आवरण घासलंय.
- टर्बो किंवा एक्झॉस्टजवळ तार भाजून कडक झालीय.
- उंदीर. पावसाळ्यात शेताच्या कडेला महिनाभर उभ्या राहिलेल्या मशीनवर पहिला संशय यांच्यावरच. इंजिनाखाली वाळलेलं गवत किंवा लेंड्या दिसल्या तर पूर्ण हार्नेस उघडा.
- कपलरमध्ये पाणी. सर्व्हिसिंगला प्रेशरचा फवारा थेट कपलरवर मारतात, किंवा डिझेल मारून इंजिन धुतात. डिझेलने कपलरचं रबर सील फुगतं आणि मग पाणी आत जातं.
- कोकणात, खाडीजवळ काम केलेल्या मशीनच्या पिनांवर हिरवा थर.

कपलर उघडल्यावर पिन वाकली आहे का, आत सरकली आहे का बघा. मग एक गोष्ट जी कुणी शिकवत नाही: मादी पिन सैल झालीय का ते तपासा. त्याच मापाची एक सुटी नर पिन घालून ओढून बघा, थोडी धरून ठेवली पाहिजे. सैल पिन मल्टीमीटरवर उत्तम दिसते आणि दगड फोडायचा ब्रेकर चालू झाला की सुटते. मल्टीमीटरची जाड सुई समोरून मादी पिनमध्ये खुपसली की ती फाकते, म्हणजे दोष शोधता शोधता नवा दोष तयार. म्हणून मागून बारीक पिन. आणि तारेच्या आवरणाला टाचणी टोचून व्होल्टेज बघायची सवय सोडाच. त्या भोकातून ओल आत शिरते आणि तांबं आतून हिरवं पडून तुटतं.

७. पाच व्होल्टचा हिशेब

प्रेशर सेन्सरला तीन तारा असतात: ईसीएमकडून येणारा पाच व्होल्टचा पुरवठा, सेन्सरचा अर्थ आणि सिग्नल. चाबी बंद करून कपलर काढा, चाबी ऑन करा, हार्नेसच्या बाजूला पुरवठा आणि अर्थ या दोन पिनांमध्ये मोजा. ४.७५ ते ५.२५च्या आत हवं.

व्होल्टेज नाही? मग लगेच मीटरची काळी तार सेन्सरच्या अर्थऐवजी बॅटरी निगेटिव्हवर लावून पुन्हा मोजा. आता पाच आले तर पुरवठा ठीक आहे, अर्थची तार तुटलीय. आता मोह होतो तो सेन्सरचा अर्थ सरळ बॉडीला जोडून टाकायचा. करू नका. सेन्सरचा अर्थ ईसीएम स्वतः देतो, तो बॉडीपासून वेगळा असतो. बॉडीला जोडला की अल्टरनेटर आणि स्टार्टरचा गोंधळ त्या सिग्नलमध्ये मिसळतो.

दोन्हींकडून पाच व्होल्ट नाहीत, आणि मॉनिटरवर कोडांची टोळी आहे? मग पुरवठ्याचा कोड शोधा. एसपीएन ३५०९, ३५१० किंवा ३५११ म्हणजे सेन्सर पुरवठा एक, दोन, तीन. कमिन्सवर हेच ३५२ किंवा १८७ म्हणून दिसतात, दोन्हींत पुरवठा खाली पडलेला असतो. एका पुरवठ्यावर तीन-चार सेन्सर असतात. त्यातला एक आतून शॉर्ट झाला की सगळ्यांचे पाच व्होल्ट पडतात आणि सगळे एकदम ओरडतात.

शोधायची रीत साधी. डायग्राममध्ये त्या पुरवठ्यावर कोण कोण आहे त्याची यादी करा. मीटर पुरवठ्यावर लावून ठेवा, मग दर वेळी चाबी बंद करून एकेक कपलर काढा आणि चाबी ऑन करून बघा. जो कपलर काढल्यावर मीटर पाचावर उडी मारेल, तो गुन्हेगाराचा. सगळे काढूनही पाच येत नसतील तर तार कुठेतरी बॉडीला टेकलीय, किंवा ईसीएम. ईसीएमचं नाव शेवटी घ्या, आणि तेही त्याच्या स्वतःच्या पॉवर आणि अर्थच्या पिना मोजल्यावर.

तुटलेल्या तारेचाही एक उपयोगी नियम आहे. चालू प्रेशर सेन्सरचा सिग्नल साधारण ०.५ ते ४.५ व्होल्टच्या आत फिरतो. सेन्सरचा अर्थ तुटला तर सिग्नल वर चढतो, एफएमआय ३ येतो. पाच व्होल्टचा पुरवठा तुटला तर सिग्नल खाली पडतो, एफएमआय ४. सिग्नलचीच तार तुटली तर काय येईल ते इंजिनागणिक बदलतं, तिथे मॅन्युअलच बघावं लागतं.

८. तापमानाचा सेन्सर: कपलर काढा, मग जोडा

कूलंट, हवा, डिझेल, ऑईल यांचे सेन्सर बहुतेक दोन तारांचे. आत थर्मिस्टर असतो, तापमान वाढलं की त्याचा रेझिस्टन्स कमी होतो. थंड सेन्सर दोन-तीन हजार ओहम आणि ८० अंशांना काही शे ओहम, असं बऱ्याच इंजिनांत दिसतं. नेमका तक्ता मॅन्युअलमध्ये मिळेल.

समजा ११०-४ आलाय, व्होल्टेज खाली.

अ) चाबी बंद, कपलर काढा, चाबी ऑन. कोड ११०-३ झाला? मग तार आणि ईसीएम दोघेही बरोबर, सेन्सर आतून शॉर्ट आहे. बदला.

आ) कपलर काढूनही ११०-४च राहिला? तार कुठेतरी अर्थला लागलीय. नवीन सेन्सर मागवू नका.

उलट ११०-३ असेल तर कपलर काढून हार्नेसच्या दोन पिना क्लिपच्या तारेने जोडा. कोड ४ झाला तर सेन्सर तुटलेला. ३च राहिला तर तार तुटलेली.

ही जोडाजोडी दोन तारांच्या थर्मिस्टरपुरतीच. तीन तारांच्या सेन्सरवर मॅन्युअल सांगत नाही तोवर पिना एकमेकांना जोडू नका.

९. गतीचे सेन्सर

क्रँक आणि कॅमचे सेन्सर गेले तर इंजिन सुरू होत नाही, किंवा सेल्फ लांबतो, किंवा चालता चालता झटका देऊन बंद पडतं. सेल्फ मारताना मॉनिटरवर आरपीएम शून्यच राहत असेल तर इकडे या.

दोन तारांचा चुंबकी सेन्सर असेल तर ओहममध्ये कॉइल मोजता येते आणि सेल्फ मारताना एसी व्होल्टेज दिसतो. तीन तारांचा हॉल सेन्सर असेल तर त्याला ओहममध्ये मोजू नका, उत्तर काहीच मिळत नाही. पुरवठा बघा, मग इंजिन हाताने हळू फिरवून सिग्नल वर-खाली होतो का ते बघा. सेन्सर काढला की टोक पुसून बघा, लोखंडी कीस चिकटलेला असतो. कीस खूप असेल तर तो कुठून आला हा प्रश्न सेन्सरपेक्षा मोठा आहे.

१०. कॅन लाईन

एफएमआय ९, १९ किंवा एसपीएन ६३९ दिसला, मॉनिटर मधूनच कोरा होतो, स्कॅनर इंजिनाशी बोलत नाही, तर ईसीएम आणि मॉनिटरमधली बोलणी तुटली आहेत. नऊ पिनांच्या गोल डायग्नोस्टिक सॉकेटमध्ये ए निगेटिव्ह, बी पॉझिटिव्ह, सी आणि डी कॅनच्या तारा. बॅटरी कटऑफ बंद करून सी आणि डीमध्ये ओहम मोजा. ६०च्या आसपास हवेत, कारण लाईनच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो. १२० आले तर एक टोक सुटलंय, शून्याजवळ आले तर दोन तारा एकमेकींना चिकटल्यात.

टायरच्या मशीनना एप्रिल २०२१ पासून सीईव्ही स्टेज ४ (धुराच्या प्रदूषणाचा नियम) लागू झाल्यावर आणि जानेवारी २०२५ पासून स्टेज ५ आल्यावर नॉक्स (धुरातला विषारी वायू) आणि युरियाचे सेन्सरही याच लाईनवर आले. त्यांना आपापला छोटा मेंदू असतो, त्यांना वर दिलेल्या व्होल्टच्या चाचण्या लागू पडत नाहीत. तिथे पुरवठा, अर्थ, कॅन आणि युरियाची शुद्धता एवढं तपासा. टाकीत पाणी किंवा खतवाला युरिया घातलेला असेल तर सेन्सर खरंच सांगतोय.

११. दुरुस्ती आणि खात्री

तार जोडायची तर क्रिंप आणि आतून गोंद असलेली हीट श्रिंक. पीळ देऊन काळी टेप गुंडाळलेला जोड पहिल्या पावसात परत येतो. हार्नेस जिथे घासला तिथे नुसती तार नको, क्लिपही नवीन लावा. वेल्डिंग करायचंच असेल तर बॅटरीच्या तारा सोडा, मॅन्युअल सांगत असेल तर ईसीएमचे कपलरही, आणि अर्थचा चिमटा वेल्डच्या अगदी जवळ लावा.

मग कोड पुसा आणि मशीन कामावर लावा. वर्कशॉपमध्ये रिकामं फिरवून 'झालं' म्हणू नका. ज्या स्थितीत कोड यायचा ती स्थिती आणा: तापलेलं ऑईल, भरलेली बकेट, चढ. इंजिन चालू असताना एक जण मॉनिटर बघेल, दुसरा फिरत्या भागांपासून लांब राहून हार्नेस ठिकठिकाणी हलवेल. आकडा थरथरला तर जागा सापडली.

१२. कंपनीचा माणूस बोलवायचा तर

पुरवठा, अर्थ, तार, सेन्सर, सगळं मोजून झालं आणि तरी कोड हटत नाही, किंवा ईसीएममध्ये नवीन प्रोग्रॅम टाकायचाय, तर थांबा. मशीन वॉरंटीत असेल तर हार्नेस कापण्याआधीच फोन करा. फोनवर "सेन्सरचा प्रॉब्लेम आहे" एवढंच सांगितलं तर तो माणूस रिकाम्या हाताने येतो आणि व्हिजिटचे पैसे लागतात. मशीनचा आणि इंजिनाचा नंबर, अवरमीटर, दोन्ही आकड्यांसह कोड, तो चालू आहे की साठवलेला, पुरवठ्याला किती व्होल्ट मिळाले, कपलर काढल्यावर कोड बदलला का, आणि तिसऱ्या पायरीत काढलेला मॉनिटरचा फोटो, एवढं आधीच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून द्या.